लाडवांचं तुळशीवृंदावन

"यातला लाडू जो तोंडात घालील तो थेट कृष्णाकाठच्या स्मशानात जाईल, सांगून ठेवते," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी हातातली चाळणी तुळशीवृंदावनावर शेवटची झटकली. पांढरी भुकटी लाडवांवर भुरभुरली. "मुंग्यांची पावडर आहे. लग्न लागलं की पुसून घेऊ. तोवर कुणी बोटसुद्धा लावायचं नाही."

'कुणी' म्हणताना त्या बघत होत्या मात्र एकाच माणसाकडे. माझी नणंद शैला दाराशी उभी होती. ज्या मुलीचं लग्न तोंडावर आलंय ती मुलगी हीच, हे नवख्या माणसाला सांगूनही पटलं नसतं. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं, आणि हातांना तुपाचा वास. सकाळपासून तिनंच ते लाडू वळले होते.

"पुसून?" मी विचारलं. "विष पुसायचं आणि मग विहीणबाईंना खायला द्यायचं?"

"वर्षाच्या तांदळाला आपण बोरिक लावतो ना? धुतो आणि खातो. तसंच हे. अलका, तुझं माहेर नगरचं. तुला इथल्या मुंग्या ठाऊक नाहीत."

मिरजेच्या मुंग्या नगरच्या मुंग्यांहून हुशार असतात हे मला लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी समजलं नव्हतं. पण शिराळकरांच्या घरात अशा पुष्कळ गोष्टी होत्या ज्या फक्त सासूबाईंना समजत. मी गप्प बसले. बसले म्हणजे तेवढ्यापुरती बसले. जास्त वेळ गप्प बसणं मला कधीच साधलेलं नाही, आणि त्याबद्दल मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही.

ते तुळशीवृंदावन म्हणजे कमलमावशींची करामत होती. कमलमावशी सासूबाईंची धाकटी बहीण. अख्ख्या मिरजेत कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की रुखवताला बोलावणं यांना. रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी मांडायचं खाण्याचं प्रदर्शन. ते आधी बघायचं, मग वाखाणायचं, मग त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे, आणि शेवटी मुलाकडच्यांनी गाठोड्यात बांधून न्यायचं. मध्ये कुठेतरी ते कुणाच्या पोटात जावं अशी कुणाचीच फारशी इच्छा नसते. कमलमावशींनी यंदा पाटावर बेसनाचे लाडू रचून, साखरेच्या पाकानं एकमेकांना चिकटवून, कमरेइतकं उंच वृंदावन उभं केलं होतं. पायऱ्या चिरोट्यांच्या, कोनाड्यात साखरेच्या पणत्या, आणि वर खरीखुरी तुळस. सासूबाईंनी भुकटी चाळल्यावर ते चुना दिल्यासारखं पांढरं दिसायला लागलं आणि मावशींना कौतुकाचं भरतं आलं.

"बघ, संगमरवरी वाटतंय की नाही? पुण्याची माणसं तोंडात बोटं घालतील."

"घालू देत बोटं. लाडू नकोत," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा शैलाकडे बघून हसल्या.

आता हे वृंदावन ठेवायचं कुठे, तर शैलाच्या खोलीत. का, तर तिथे ऊन येत नाही आणि तिथली खाट मोठी. खाटेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, म्हणजे मुंग्या चढायला नकोत. खाट लाडवांना मिळाली म्हणून शैलानं चटई जमिनीवर अंथरली. मुंग्यांपासून लाडू वाचवायचा एवढा खटाटोप करणाऱ्या त्या दोघी शहाण्या बहिणींनी लाडवांच्या शेजारी झोपवलं कुणाला, तर सगळ्या घराला जिच्या तोंडाची भीती तिलाच. मी ते बोलून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "पावडर कशाला लावलीय मग?"

शैलाची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणालाच ठाऊक नव्हती. ती हावरी आहे, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. सासूबाईंनी फराळाच्या डब्यांचं कपाट कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली होती. पाहुण्यांसमोर त्या चेष्टेनं म्हणायच्या, "आमच्या घरात चोर बाहेरून येत नाही हो." पाहुणे हसायचे. शैलाही हसायची, आणि नंतर न्हाणीघरात जाऊन बराच वेळ बाहेर यायची नाही. ती पूर्वी बालवाडीत शिकवायची. ती नोकरी तिनं सोडली ती 'मुलांचा गलका सहन होत नाही' म्हणून, असं बाहेर सांगितलं जायचं. खरं काय ते तिनंच मला परसात धुणं वाळत घालताना सांगितलं होतं.

"मुलांच्या खाऊचा डबा असायचा गं, वहिनी. शेंगदाण्याची चिक्की. एक दिवस मुलं प्रार्थना म्हणत होती, डोळे मिटून. डोळे उघडेपर्यंत मी डबा रिकामा केला. एक मुलगी डोळे किलकिले करून बघत होती. ती कुणाला बोलली नाही. मीच दुसऱ्या दिवसापासून गेले नाही."

"मग भूक लागली की सरळ मागून खात जा की, वन्सं. मी देते काढून."

"भूक नसते गं. भूक असती तर बरं झालं असतं. जेवले की गेली असती." तिनं साडीचं टोक माझ्याकडे दिलं, आम्ही दोघींनी पीळ काढला. "डोक्यात सारखा डबाच असतो. कुणी बोलत असतं, मी हूं हूं म्हणते आणि डब्याकडे लक्ष. कुणाकडे हळदीकुंकवाला जायचं म्हटलं तरी नको वाटतं. तिथे सगळ्यांच्या ताटल्या मोजत बसते मी, कुणी किती टाकलंय. खाल्लं की थोडा वेळ शांत वाटतं. मग स्वतःची इतकी किळस येते की ती घालवायला पुन्हा काहीतरी तोंडात लागतं."

"हे कधीपासून?"

"अण्णा गेले तेव्हापासून असेल. सुतक होतं, घरात चूल पेटत नव्हती. शेजारीपाजारी डबे आणायचे. आई कुणाशी बोलत नव्हती. जो येईल तो माझ्यासमोर ताट ठेवायचा आणि म्हणायचा, खा बाळ, खा. दुसरं कुणी काही बोललंच नाही माझ्याशी. मी आपली खात राहिले."

अण्णा म्हणजे तिचे वडील. ते गेले तेव्हा ती शाळेत होती. त्यानंतर त्याच तोंडांनी 'खा बाळ' म्हणायचं सोडून 'किती खातेस' म्हणायला सुरुवात केली, एवढाच काय तो बदल. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कुठून कुठून रोगी इथे बरे व्हायला येतात, स्टेशनवर उतरल्या उतरल्या टांगेवाला विचारतो, कुठल्या डॉक्टरकडे? आणि शिराळकरांच्या घरातून चार ढांगांवर दवाखाना असून या मुलीला कुणी तिथवर नेलं नव्हतं. मी ह्यांच्याकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, विषय काढला. हे वर्तमानपत्र खाली न घेता म्हणाले, "खाण्याचं कसलं औषध? तोंड बंद ठेवायचं." हे इंजिनिअर आहेत.

त्यात बोकिलांचं स्थळ आलं. पुण्याचे बोकील. मुलगा विद्याधर, नाकासमोर चालणारा, आईच्या मागून चालणारा. साखरपुड्याला त्याच्या आईनं, मालतीबाई बोकिलांनी, शैलाचा दंड दोन बोटांत धरून दाबला आणि म्हणाल्या, "मुलगी गोड आहे हो. जरा उतरवा. शालूत बसायला हवी." भाजी निवडावी तशी मुलगी निवडून त्या निघून गेल्या, आणि आमच्या घरात शैलाला उतरवायला सुरुवात झाली. सकाळी लिंबू पिळलेलं पाणी, दुपारी अर्धी भाकरी आणि उकडलेला दुधी, रात्री ताक. आणि दिवसभर घरात बेसन भाजल्याचा वास. चकल्या, अनारसे, कडबोळी, करंज्या. हलवायाच्या दुकानात माणसाला उपाशी बांधून ठेवावं तसा तो प्रकार होता.

बरं, लाडू वळायचे कुणी? तर शैलानं. कारण तिच्या हातचा लाडू एकसारखा होतो. मग वळता वळता तिनं खाऊ नये म्हणून सासूबाईंनी काय युक्ती काढावी? तिला मोठ्यानं स्तोत्रं म्हणायला लावलं. तोंड देवाच्या नावात गुंतलं की लाडू जायला वाट उरत नाही, असा हिशेब. शैला परातीसमोर बसून लाडू वळायची आणि स्तोत्र म्हणायची. जरा आवाज थांबला की स्वयंपाकघरातून हाक यायची.

"शैले! थांबलीस का?"

"ठसका लागला, आई."

"पाणी पी आणि पुढे चालू दे."

कमलमावशींना हे फार आवडलं. "घरात कसं पवित्र वाटतंय," त्या म्हणायच्या. मला मात्र ते ऐकून अंगावर काटा यायचा. एकदा मी परात ओढून घेतली आणि म्हटलं, मी वळते, वन्सं, तुम्ही पडा जरा. सासूबाई म्हणाल्या, "तुझा लाडू चपटा होतो." ते मात्र खरं होतं.

वृंदावन खाटेवर चढलं आणि शैलाच्या वागण्यात फरक पडला. ती शांत झाली. दुपारी जेवणं होऊन घर आडवं झालं की ती खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची आणि आतून तिच्या स्तोत्राचा आवाज यायचा. संथ, एका सुरात, न थांबता. सासूबाई उशीवरून मान वर करून म्हणायच्या, "बघा. न सांगता म्हणतेय. लग्न ठरलं की मुलीला आपोआप शहाणपण येतं." आणि त्या समाधानानं कुशीवर वळायच्या. मलाही वाटलं, बरं वाटतंय तिला. शालूचं पोलकं मात्र सैल होईना. मालतीबाईंचं पत्र आलं की सासूबाई पोलक्याची शिवण उसवून बघायच्या आणि लिंबू आणखी एक पिळायच्या.

लग्नाच्या दिवशी सकाळी रुखवत टांग्यातून मंगल कार्यालयात गेलं. वृंदावनासाठी वेगळा टांगा. मागच्या बाजूला कमलमावशी पदर खोचून बसल्या होत्या, पाट दोन्ही हातांनी धरून. कार्यालयाच्या पायऱ्यांशी टांगेवाल्यानं हात लावून पाट उचलला आणि थबकला.

"बाई, ह्ये हलकं हाय की. आत पोकळ ठेवलंय व्हय?"

"पोकळ कशाला ठेवीन? सगळे भरीव लाडू आहेत," मावशी म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरला. स्वतःच्या कामाचं वजन बाईला ठाऊक असतं.

मांडवात पांढऱ्या चादरीच्या टेबलावर पाट ठेवला तेव्हा मी मागच्या बाजूनं गेले. खाटेवर जी बाजू भिंतीकडे होती ती बाजू. तिथे लाडू नव्हतेच. समोरून वृंदावन होतं, मागून गुहा. पाकानं चिकटलेली एकच रांग पुढे उभी होती, आणि आत चुरगळलेली वर्तमानपत्रं ठासून भरली होती, डोलारा पडू नये म्हणून.

पहिल्यांदा मनात आली ती लाडवांची गोष्ट नाही. पावडरीची. मी सासूबाईंना गाठलं. त्या विडे मोजत होत्या.

"आई, पावडर कुठली लावली होती?"

"हळू बोल."

"आतले लाडू गेलेत. सगळे. वन्संनी खाल्लेत. पावडर कुठली होती, सांगा आधी!"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा रंग गेला हे खरं, पण कशानं गेला हे मला थोड्या वेळानं कळायचं होतं. "मागची बाजू भिंतीला लाव," त्या दातांत म्हणाल्या. "आणि तोंड उघडू नकोस. बोकील आलेत."

"अहो पण..."

"भिंतीला लाव म्हणते ना!"

मी भिंतीला बिंतीला काही लावलं नाही. मी कार्यालयातल्या नवरीच्या खोलीकडे निघाले, तर तीच समोरून येत होती. पिवळी अष्टपुत्री, मुंडावळ्या, हातभर हिरवा चुडा. फोटोग्राफरनं सांगितलं होतं, वधूचा एक फोटो रुखवताजवळ. मी तिचा हात धरला. हात गार होता पण ती धडधाकट होती. डोळे नीट, श्वास नीट.

"वन्सं, तुम्हाला काही होतंय का? पोटात? चक्कर?"

ती माझ्याकडे बघून हसली. ती हसली त्याचा अर्थ मला लागला नाही. "अजून तरी नाही, वहिनी," ती म्हणाली.

तेवढ्यात मालतीबाई बोकील लवाजम्यासह आल्या. मागून विद्याधर, टोपी हातात. कमलमावशी वृंदावनापुढे दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या, म्हणजे दाखवायला म्हणून, पण खरं तर झाकायला. मालतीबाईंनी चष्मा लावला. अनारशांना जाळी पडलीय का बघितलं. चकलीचं एक टोक मोडून कानाशी नेलं. मग वृंदावनासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी मान डोलवली. सासूबाईंचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

"कुणी केलं हो हे?"

"माझ्या बहिणीनं रचलं. लाडू मात्र आमच्या शैलाच्या हातचे," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "वळताना सारखं स्तोत्र म्हणत होती."

"हो? मग सूनबाईंच्या हातची चव घ्यायलाच हवी," मालतीबाई म्हणाल्या, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी समोरच्या रांगेतला एक लाडू कट्कन उपटला. उचलून तोंडाकडे नेला.

"खाऊ नका!"

शैला ओरडली नव्हती, किंचाळली होती. फोटोग्राफरच्या अंगावरून पुढे होऊन तिनं मालतीबाईंच्या हातावर फटका मारला. लाडू उडून विद्याधरच्या बुटांपाशी जाऊन फुटला. सनई थांबली नव्हती, पण ती थांबल्यासारखी वाटली.

"विष आहे त्याला," शैला म्हणाली. "मुंग्यांची पावडर आहे. वर लावलीय. खाऊ नका."

आपल्याला आयुष्यभर टोचून बोलणार असलेल्या बाईचा जीव वाचवायला ही मुलगी भर मांडवात धावली होती. मालतीबाईंना ते कुठलं कळायला. त्या हात चोळत, डोळे विस्फारून आमच्याकडे बघत होत्या. बोकिलांकडचा एक म्हातारा म्हणाला, "काय? विष घालताय काय आम्हाला?"

तेव्हा सासूबाई हसल्या. खोटं खोटं, पण मोठ्यानं.

"अहो काहीतरीच काय! कसलं विष? पिठीसाखर आहे ती!" त्यांनी एक लाडू ओढून काढला आणि सगळ्यांसमोर त्याचा लचका तोडला. तोंडभर बेसन घेऊन त्या बोलत राहिल्या. "नुसती पिठीसाखर. ही खाईल म्हणून, हिला सांगितलं होतं हो तसं. हिला ना, जरा..." आणि मग आपण काय सांगून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं. त्या थांबल्या, पण घास तोंडातच राहिला.

मालतीबाई आता लाडू उपटलेल्या जागेकडे बघत होत्या. तिथून आतलं वर्तमानपत्र दिसत होतं. त्यांनी बोट घातलं, कागदाचा बोळा बाहेर ओढला.

"आणि हे आतून असं का?"

कमलमावशींनी डोळे मिटून घेतले होते.

"मी खाल्ले," शैला म्हणाली.

"कधी?" विद्याधरनं विचारलं. त्या दिवशी त्यानं उच्चारलेला तो पहिला शब्द.

"दुपारी. स्तोत्र म्हणता म्हणता. तोंडात लाडू असला तरी म्हणता येतं. सवय झाली की येतं."

"पण तुम्हाला तर वाटत होतं की त्याला विष आहे."

"हो."

"मग?"

शैलानं आईकडे बघितलं. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. रोजची एखादी गोष्ट सांगावी तशी ती बोलली. "पहिला खाल्ला आणि वाटलं, आता मरणार. चटईवर पाय लांब करून पडून राहिले. बरं वाटलं. म्हटलं, सुटले. खूप वेळ पडले होते. मग काहीच झालं नाही. म्हणून दुसरा खाल्ला. रोज वाटायचं, आज पुरेसा होईल."

माझ्या डोळ्यांसमोर त्या सगळ्या दुपारी आल्या. आतून येणारा तो संथ सूर, आणि उशीवरून मान वर करून समाधान पावणाऱ्या सासूबाई. मी शैलाला धरलं. मला वाटलं, आता तरी तिची आई पुढे येईल. पोटच्या मुलीला जवळ घेईल. निदान छाती बडवून रडेल, शंभर माणसांसमोर तमाशा करील. काहीही चाललं असतं मला.

सासूबाईंनी घास गिळला.

"आतले सगळे?" त्यांनी विचारलं. "एवढे सगळे खाल्लेस?"

लग्न मोडलं हे सांगायला नको. मालतीबाई म्हणाल्या की आधी सांगायला हवं होतं, ही फसवणूक आहे, आमच्या घरात असलं कधी कुणी नव्हतं. त्यांनी हे सगळं बोलून घेतलं आणि मग पान मांडलेलं आहे, अन्नाचा अपमान कशाला, म्हणून सगळे बोकील पंगतीला बसले. जिलबीचा आग्रह होता. आग्रह करायला त्या दिवशी कुणाला तोंड नव्हतं, तेव्हा त्यांनी मागून मागून वाढून घेतली. त्या म्हाताऱ्यानं तर पैज लावून खाल्ली आणि त्याच्या पानाभोवती माणसं टाळ्या वाजवत होती. त्याला कुणी हावरा म्हटलं नाही. त्याला खवय्या म्हणतात.

विद्याधर तेवढा माझ्याकडे आला होता. टोपी फिरवत म्हणाला, "यांना कुणा डॉक्टरांना दाखवलंय का?" सबंध दिवसात एका माणसानं विचारलेला तेवढा एक शहाणा प्रश्न. तो विचारून तो आईच्या शेजारच्या पानावर जाऊन बसला.

मी शैलाला घेऊन बाहेर आले. ज्या टांग्यातून वृंदावन आलं होतं तोच टांगा उभा होता. मुंडावळ्या लावलेली नवरी आणि तिच्याबरोबर एकटी बाई बघून टांगेवाला गोंधळला.

"कुटं जायचं, वैनी?"

"दवाखान्यात."

"कुटल्या?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. हाडांचा, डोळ्यांचा, पोटाचा, हृदयाचा, प्रत्येकाचा डॉक्टर मिरजेत होता. पहिल्यानं पोट दाबून बघितलं आणि तोंडावर ताबा ठेवा म्हणून सांगितलं. त्याला मी काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच दिवशी एक डॉक्टरीणबाई भेटल्या, मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या. त्यांनी शैलाला वजन विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "सगळ्यात जास्त खावंसं कधी वाटतं? तेव्हा घरात कोण असतं?" शैला अष्टपुत्रीत बसून दिवेलागणीपर्यंत बोलत होती. मी बाहेर बाकावर बसले. हे मला शोधत आले तेव्हा हातात वर्तमानपत्र नव्हतं. ते काही न बोलता माझ्याशेजारी बसले. ते बसले म्हणून त्यांच्याबरोबर संसार केला, नाहीतर मी नगरला निघाले होते.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. शैला बरी झाली असं म्हणायची पद्धत आहे, पण ती स्वतः तसं म्हणत नाही. उपचार बरीच वर्षं चालले, मध्ये दोनदा घसरली, पुन्हा उभी राहिली. आता नर्सिंगच्या कॉलेजात ग्रंथालय सांभाळते, एकटी राहते, स्वयंपाक स्वतः करते. तिच्या घरातल्या एकाही कपाटाला कुलूप नाही. कधीकधी दुपारी तिचा फोन येतो. "वहिनी, आज डबा वाजतोय," एवढंच म्हणते. मी हातातलं काम टाकून बोलत बसते, मग डबा वाजायचा थांबतो. कधी थांबत नाही. तेही ती सांगते.

सासूबाई नव्वदीला टेकल्या आहेत. परवाच्या दिवाळीत आम्ही सगळे जमलो होतो. शेजारच्या नवीन भाडेकरूबाई फराळाला आल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, तुमच्या शैलाताईंचं लग्न नाही का झालं?

"ठरलं होतं हो. पुण्याचं चांगलं स्थळ होतं," सासूबाई म्हणाल्या. हे त्या गेली कित्येक वर्षं सांगत आल्या आहेत. "पण नशीब बघा. रुखवताला मुंग्या लागल्या. तेवढ्यावरून मोडलं."

शैला समोरच बसली होती. एरवी ती ऐकून सोडून देते. त्या दिवशी तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"मुंग्या नव्हत्या, आई," ती शांतपणे म्हणाली. "मी होते."

भाडेकरूबाईंनी आमच्या तोंडाकडे बघितलं. सासूबाईंना ऐकू आलं नाही, किंवा आलं. त्यांनी थरथरत्या हातानं ताटलीत बेसनाचा एक लाडू ठेवला आणि ताटली शैलापुढे सरकवली.

"खा बाळ, खा," त्या म्हणाल्या.

"नको, आई."

"नको? माझ्या हातचा नको?" म्हातारीचं तोंड लगेच वाकडं झालं. डोळ्यांत पाणी आणायलाही त्यांना वेळ लागला नाही.

शैलानं ताटली उचलली आणि माझ्याकडे दिली. तिचा हात मुळीच हलत नव्हता. मी लाडू घेतला आणि सासूबाईंच्या डोळ्यांना डोळे भिडवून सावकाश खाल्ला. बेसन कच्चं राहिलं होतं, आणि तसं मी मोठ्यानं सांगितलं.